अस्वलाने ऐकून घेतलं

मित्रांनो, मला तोंड आहे, दात आहेत, लालभडक जीभसुद्धा आहे. पण बोलायची परवानगी मला कधीच नव्हती. मी अस्वलाचा मुखवटा आहे. जुना, आणि डाव्या कानाने अधू. आज बोलतोय तो कागदावर, आणि कागदावरचं बोलणं आमच्या रीतीत धरत नाहीत, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे.

माझा जन्म पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर झाला. हिरामण नावाच्या म्हाताऱ्याने रद्दी कागद भिजवून कुटले, त्यात चिंचोक्याची खळ कालवली आणि मला घडवलं. मग उन्हात वाळवून काजळीने रंगवलं. रंगवताना तो पुटपुटायचा की अस्वल बघून पोरं रडली तर माझी मेहनत फुकट. त्यामुळे माझे दात मोठे असले तरी चेहरा जरा हसराच झाला. जंगलातल्या खऱ्या अस्वलाने मला पाहिलं असतं तर बिरादरीतून वाळीत टाकलं असतं.

चैत्रात पाड्यावर बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव व्हायचा. संबळ वाजायचा, देवांची सोंगं नाचून जायची आणि सगळ्यात शेवटी मी. देवांपुढे माणसं हात जोडून गप्प उभी राहत. माझ्यापुढे मात्र त्यांची जीभ सुटे. आमच्याकडची रीतच तशी होती. मनात जे सलतं ते अस्वलाच्या कानात सांगायचं, अस्वल ते रानात घेऊन जातं. सोंग घेणाऱ्याने मात्र हूं की चूं करायचं नाही. सासूने सुनेचं गाऱ्हाणं सांगावं, मागोमाग सुनेने सासूचं, आणि दोन्ही मी एकाच कानाने ऐकावीत. ते माझे वैभवाचे दिवस होते, मित्रांनो.

पुढे माझा कान तुटला. पाड्यावर नवं अस्वल आलं आणि मला तिथल्या शाळेच्या गुरुजींना भेट देऊन टाकलं. गुरुजींची बदली नाशकात झाली, तसा मीही पंचवटीतल्या एका शाळेत आलो. एका स्नेहसंमेलनात मला घालून कुणीतरी सिनेमाच्या गाण्यावर नाचलं. टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी खेळाच्या सामानाच्या खोलीत कपाटावर जाऊन पडलो. शेजारी हवा गेलेले फुटबॉल. हवा माझीही गेली होतीच.

एके दिवशी ती खोली उघडली गेली, झाडली गेली आणि तेजश्रीताई आत आल्या. त्या शाळेच्या नव्या समुपदेशक. समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे शाळेत कुणाला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना अडगळीची खोली मिळाली. ताईंनी तक्रार केली नाही. सतरंजी घातली, रंगखडू मांडले, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला खिळ्याला टांगलं.

सुरुवातीला मुलांना वाटे, ताईंकडे पाठवणं ही शिक्षा आहे. आईबापांना वाटे, आपलं पोर वेडं ठरवलं. पण चौथीतल्या रुद्रच्या पोटात गणिताच्याच तासाला का दुखतं, हे ताईंनी हळूहळू शोधलं. पोट ठणठणीत होतं. त्याला फळ्यापुढे उभं राहायची धास्ती होती. मग ताईंनी त्याच्या बाईंना सांगून त्याला आधी जागेवर बसून उत्तर द्यायची मुभा मिळवून दिली. पोटदुखी गेली, पण त्याच्या आईने श्रेय ओव्याला दिलं. ताई नुसत्या हसल्या.

आणि मग रोशनी आली.

रोशनी तिसरीतली. तिचे वडील बुधा डोंगरातले. पंचवटीत एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून राहत होते. पहिला आठवडा सोडला तर पोरगी वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. तिच्या वर्गशिक्षिका लताबाई मनाने वाईट नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, हिच्यात काहीतरी कमी आहे, हिला वेगळ्या शाळेत घाला. बुधाने ते ऐकलं आणि ताईंपुढे हात जोडून आपला निकाल सांगितला.

"म्याडम, घरी ती लय बोलते. इथंच गप. मग कशाला तिचे हाल? दिवाळीला गावी नेऊन सोडतो. आजीसंगं शेळ्या वळील."

ताईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. मुदत संपली की पोरगी जाणार, या विचाराने मला मात्र खिळ्यावर धडकी भरली. रोशनीने मला पाहताच बोहाड्यातलं अस्वल म्हणून ओळखलं होतं. खोलीत शिरताना तिने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. ताईंच्या ते लक्षात आलं नाही. त्यांनी सगळे उपाय केले. चित्रं काढून घेतली, मातीची भांडी करून घेतली. रोशनी सगळं करी, बोलत तेवढी नसे. एकदा ताईंना वाटलं, तोंड झाकलं तर पोरीची भीड चेपेल. त्यांनी मोठ्या प्रेमाने मला रोशनीच्या तोंडावर बांधलं आणि म्हटलं, आता अस्वल काय म्हणतंय ते सांग बघू.

अहो ताई, मी मनात कपाळ बडवून घेतलं. सोंग घेतलेल्याने बोलायचं नसतं. तुम्ही पोरीला गप्प बसायचं हक्काचं कारण दिलंत. आणि रोशनी बसलीसुद्धा, पुतळ्यासारखी, तास संपेपर्यंत. ताईंचा चेहरा उतरला. दिवाळी तोंडावर आली होती.

पुढच्या खेपेला माझी दोरी सैल झालेली ताईंना दिसली. त्यांनी ती नव्याने बांधली आणि बसते का बघायला मला स्वतःच्याच तोंडाला लावलं. चष्म्यावरून मी घसरलो, वाकडा झालो. ताईंनी मान डोलावली आणि विचारलं, "कशी दिसते गं मी?"

रोशनीने कपाळाला आठी घातली.

"सोंग बोलत नाय. त्याला सांगायचं असतं."

मित्रांनो, ताईंचा श्वास माझ्या आत थांबला तो मला कळला. दुसरी कुणी असती तर आनंदाने मुखवटा भिरकावून पोरीला मिठी मारती. ताई जागच्या हलल्या नाहीत. मान खाली घालून बसून राहिल्या, बोहाड्यातल्या जाणत्या सोंगासारख्या. मग रोशनी उठली, माझ्या धड कानाशी आली आणि बांध फुटावा तशी बोलू लागली. पहिल्याच आठवड्यात लताबाईंनी विचारलं होतं, तुझ्या घरी कोण कोण आहे. तिने सांगितलं, डोंगरातल्या बोलीत, जसं येतं तसं. सगळा वर्ग हसला.

"बाई पन हसल्या," ती म्हणाली.

ताईंनी मला हळूच खाली ठेवलं. हे लताबाईंना सांगितलेलं चालेल का, असं त्यांनी विचारलं. रोशनी नाही म्हणाली असती तर ते तिथेच राहिलं असतं. ताईंचा तो नियम होता. रोशनीने पुष्कळ वेळ सतरंजीचा धागा ओढला आणि हो म्हणून मान हलवली.

लताबाई आधी उसळल्या. इतकी पोरं सांभाळते, कधी हसले, कुणाला हसले, मला आठवतही नाही, असं म्हणाल्या.

"तुम्हाला नाही आठवत," ताई म्हणाल्या, "तिला आठवतंय."

पोरीने हे सगळं माझ्या कानात कसं सांगितलं, तेही ताईंनी त्यांना सांगितलं. ताईंनी त्यांना दोष दिला नाही, चहा दिला. जाताना लताबाईंनी विचारलं, "हे अस्वल उद्या माझ्या वर्गात न्यायला मिळेल?"

दुसऱ्या दिवशी बुधा दाखला न्यायला आला होता. ताईंनी त्याला वर्गाच्या दाराशी उभं केलं. आत लताबाईंनी मला तोंडाला बांधलं आणि मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या. साडीतलं अस्वल पाहून वर्ग खदखदून हसला. आज हसणं बाईंवर होतं आणि त्या हसू देत होत्या. ताई मुलांना म्हणाल्या की आज अस्वलाला गोष्ट ऐकायची आहे, डोंगरातली. सगळ्या माना रोशनीकडे वळल्या. बुधाने नजर पायांकडे वळवली.

रोशनी उठली. आधी माझ्याशीच बोलली, हळू आवाजात. ओहोळात खेकडा कसा धरायचा ते. दगड कुठला उचलायचा, बोटं कुठून घालायची, नांग्या कशा दाबायच्या. सगळं तिच्याच बोलीत. मागच्या बाकावरचा श्रेयस मान लांब करून म्हणाला, मोठ्याने सांग ना, इकडे ऐकू येत नाही. तिने आवाज चढवला. हर्षालीने विचारलं, आणि तो चावला तर?

"चावला तर चावला," रोशनी म्हणाली. "सोडायचा नाय."

माझ्या आतला कागद ओला होत होता. लताबाई रडत होत्या, आणि कागदाच्या अस्वलाला पाणी सोसत नाही याची त्यांना कल्पना नव्हती. मग त्यांनी मला उतरवलं. रोशनीने त्यांचा खराखुरा चेहरा पाहिला. क्षणभर थांबली. मला वाटलं, संपलं. पण बाईंनी विचारलं, "मग पुढं? कालवण कसं करतात?" आणि रोशनीने बाईंच्या डोळ्यांत बघून थेट मसाल्यापर्यंत सगळं सांगितलं. वर्गाला भूक लागली.

दाराशी बुधा डोळे पुसत होता. लताबाई त्याच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "दाखला-बिखला काही मिळायचा नाही. दिवाळी करून या, आणि शाळा उघडेल त्या दिवशी हिला आणून सोडा."

रोशनी आता चौथीत आहे. वर्गात फार बोलते अशी तिची तक्रार येते, आणि ती तक्रार ऐकून ताई दिवसभर खूश असतात. माझ्या गालाला आतून पोपडे आलेत. ते डागडुजी करून घालवू नका, एवढी माझी विनंती.

आणि मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी गप्प असेल. त्याला मुकं म्हणू नका, घाईही करू नका, शेजारी बसा. ते बोललं तर, जसं बोलेल तसं, ऐकून घ्या. गप्प तुम्हीच असाल, तर व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे. दार जरा घट्ट बसतं, खांद्याने ढकला. आत ताई असतात, आणि त्यांना अजिबात घाई नसते.