सावली नसलेला पाहुणा

छापखान्यातल्या बाई अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. चुका शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी टेबलावर एका जुन्या, गाजलेल्या कवितेची नवी आवृत्ती येऊन पडली. दार उघडं ठेवून वाट पाहणारी बाई आणि उंबऱ्याशी येणारा पाहुणा. बाईंना ती कविता तोंडपाठ होती. लग्न ठरायच्या वेळी नवऱ्याने पाठवलेल्या पत्रात तीच होती, बाकी एक अक्षर नव्हतं. त्या पत्रावर भाळूनच त्यांनी होकार दिला होता.

जे पाठ असतं ते आपण वाचत नाही. पण कामाच्या शिस्तीने बाईंनी पट्टी ठेवून एकेक ओळ तपासायला घेतली. पाहुण्याला सावली नाही. दिव्यात तेल नाही, तरी तो जळतो. पाहुणा आत येतो तेव्हा वाट पाहणारीच उरत नाही.

लाल पेन हातातच राहिलं. हा प्रियकर नव्हेच. हा देव.

मग बाकीचंही उलगडत गेलं. नवऱ्याची रोजची तीन तासांची ध्यानाची बैठक. वेगळी खाट, जिला त्या इतकी वर्षं लाजाळूपणा म्हणत आल्या. मूल नको म्हणतानाचं त्याचं ते शांत हसू.

संध्याकाळी घरी येताच त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "ती कविता देवाची आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

नवरा चष्मा पुसत होता. "म्हणजे काय! तुला नव्हतं?"

"मग मला कशाला पाठवलीत?"

"आई लग्नासाठी हटून बसली होती. मला खोटं लिहायचं नव्हतं. माझं मन कुठे आहे ते सांगून टाकलं. तू हो म्हणालीस, मला वाटलं समजून म्हणालीस."

"सरळ एक वाक्य लिहिता आलं नाही?"

"सरळ लिहिलं असतं तर तू आली असतीस का?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून पुन्हा चष्मा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठाचा मजकूर आला: 'अजरामर प्रेमकविता'. बाईंनी 'प्रेम'वर काट मारली. संपादक धावत आले.

"अहो बाई, प्रेमाची म्हटल्याशिवाय खपत नाही ती!"

"ठाऊक आहे. माझ्या गळ्यात तशीच मारली."

संपादकांना विनोद वाटला. खो खो हसत त्यांनी शब्द परत घातला, आणि बाईंनी खाली सही केली.