घरचाच पेशंट

ज्या नर्सिंग होममध्ये बाई कामाला होत्या ते बंद पडलं, तेव्हा त्यांनी घरी येऊन वृद्धांची देखभाल करण्याची जाहिरात नेटवर टाकली. फोटो भाच्याच्या लग्नातला. त्यात बाईंच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. तो कापून टाकताना बाईंचा एक कानही गेला. दोन महिन्यांत दोन फोन आले. एक राँग नंबर होता, दुसऱ्याला शिलाई मशीन विकायचं होतं.

शेवटी धाकट्या जावेने तिच्या ओळखीची फोटोवाली पाठवली. ही एरवी बिस्किटांचे आणि साबणांचे फोटो काढायची, त्यामुळे वस्तू वापरात दिसली पाहिजे यावर तिची श्रद्धा होती. घरभर दिवे लावून झाल्यावर ती म्हणाली, नुसत्या बाईकडे बघून सेवा कळत नाही, पेशंट हवा.

घरात पेशंट नव्हता. नवरा होता. गेली बावीस वर्षं तो लोकांना गाडी चालवायला शिकवत होता आणि नेमका त्या दिवशी घरी होता. त्याला पलंगावर आडवं केलं, चष्मा काढून घेतला, गालांना पावडर फासली.

"काका, आता सगळं देवावर सोडल्यासारखं बघा."

भर चौकात नवशिका गिअर शोधू लागला की तो जसा बघायचा, तसा त्याने बघितलं. एका फोटोत काम झालं.

फोटोत बाई पांघरूण सारखं करत होत्या आणि नवरा कृतज्ञतेने विझत चालला होता. बाईंच्या सख्ख्या बहिणीने फोन करून विचारलं, डॉक्टर काय म्हणतात.

जाहिरातीला फोन येऊ लागले, पण नवऱ्याच्या शिकाऊ लोकांनीही ती पाहिली. एकीने अतिशय हळुवारपणे चौकशी केली, की ब्रेकवर पाय पोचतो ना अजून. दुसऱ्याने तब्येतीला जपा म्हणून निरोप दिला आणि दुसरा क्लास धरला. पाचांचे दोन राहिले. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला नवरा सोडून गेलेल्यांपैकी एकाच्या घरी गेला. लिफ्ट बंद होती. पाच मजले धावत चढून दारात पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्या लोकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी पाजलं आणि न्यायला या म्हणून बाईंना फोन केला.

घरी आल्यावर त्याने ठणकावून सांगितलं, फोटो आजच्या आज काढून टाकायचा. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, की आलेल्या फोनपैकी एकच कायमचं काम देणारा आहे. वडिलांसाठी दिवसभराची बाई हवीय, मुलगी संध्याकाळी पुन्हा फोन करणार आहे आणि तिला फोटोतल्या पेशंटशी बोलायचंय.

"मी खोटं बोलणार नाही," नवरा म्हणाला.

"अहो, खरं तेच सांगा. फक्त जरा हळू आवाजात."

फोन आला. नवरा खुर्चीत ताठ बसला आणि खणखणीत आवाजात बोलला. आपण आजारी नाही. आपण बाईंचे यजमान आहोत. आपण गाडी शिकवतो, रोज सकाळी सहाला उठतो, आणि त्या पलंगावर आपल्याला फोटोपुरतं झोपवलं होतं.

मग मुलगी खूप मायेने म्हणाली, "आमचे बाबाही अगदी असंच सांगतात हो. कालच गाडीची किल्ली मागत होते."

नवऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. अशा माणसाला ज्यांनी इतकं आनंदात ठेवलंय, त्याच बाई हव्यात, असं तिचं मत पडलं.

नवऱ्याने फोन खाली ठेवला. बाई पदराशी चाळा करत उभ्या होत्या.

"काय म्हणाली?"

"सोमवारपासून ये."

"आणि तुम्हाला?"

"पडून राहा म्हणाली."