आंबेमोहराचा वास आणि कुशाबांचा खडू

ज्ञानाचा प्रकाश कुणालाही अडवता येत नाही. आमच्या चाळीत तो एका बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता ओल्या फडक्यानं पुसण्यात आला. फडकं तिसऱ्या मजल्यावरच्या मीराबाईंचं होतं. त्याआधी त्यांनी त्यानंच ओटा पुसला होता, त्यामुळे पुढचे दोन दिवस फळ्यावर खडू उमटेना.

चाळ लालबागच्या अंगाला, चिंचपोकळी स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. जिन्याच्या पायथ्याशी, विजेच्या मीटरशेजारी हा फळा आहे. पूर्वी त्यावर सीताराम गुरुजी रोज एक सुविचार लिहीत. काटकसरीवर सुविचार आला, की कुणीतरी पाण्याचा पंप जास्त वेळ चालवलेला असे. शांततेवर आला, की तो धोंडूच्या रात्रभर चालणाऱ्या टीव्हीबद्दल असे. गुरुजींनी कधी कुणाचं नाव लिहिलं नाही. फळ्यावर नाव नाही म्हणजे मजकूर आपल्याबद्दल आहे, हे त्या काळापासून चाळीच्या अंगात मुरलेलं.

गुरुजी मुलाकडे विरारला राहायला गेले आणि खडू कुशाबा तावड्यांकडे आला. कुशाबा परळच्या एका शाळेत बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्यांतले प्राणी पुसणं, द्रव कमी झाला तर भरणं, आणि मुलं बरणीला नाक लावू लागली की त्यांना हाकलणं हे काम. सुविचारांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, कारण ते तपासून पाहता येत नाहीत. त्यांनी फळ्यावर पांढऱ्या रंगात 'प्राण्यांविषयी खरी माहिती' असा मथळा रंगवून घेतला आणि 'खरी'च्या खाली रेघ मारली. दादरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची, एक वाक्य निवडायचं, दुसऱ्या पुस्तकात ताडून बघायचं आणि सकाळी सातला लिहायचं. बायको गेल्यापासून त्यांच्या दिवसात वेळेवर होणारी एवढी एकच गोष्ट उरली होती.

पहिलंच वाक्य होतं: 'ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट हा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो.' सकाळची संडासाची रांग फळ्यापर्यंत येत असल्यामुळे माहिती योग्य वाचकांपर्यंत योग्य वेळी पोचली. दोन दिवस रांगेत दुसरा विषय नव्हता.

मग गुरुजींच्या काळच्या सवयीनं घात केला. कुशाबांनी लिहिलं, की स्लॉथ हा प्राणी झाडावरून आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो, तेही शौचासाठी. तिसऱ्या मजल्यावरचा धनेश घरून कॉम्प्युटरवर काम करतो. त्यानं ते वाचलं आणि त्या दिवसापासून तो काहीही कारण नसताना दिवसातून चार वेळा जिना उतरू-चढू लागला. महिन्याभरात त्याची भूक दुप्पट झाली, आणि त्याबद्दल तो कुशाबांना जबाबदार धरतो. समुद्रघोड्यांमध्ये पिल्लांना जन्म नर देतो, हे वाचून पहिल्या मजल्यावरच्या रॉनीकडे सगळ्यांनी पाहिलं. रॉनीची बायको ॲन्टोनेट फोर्टात ऑफिसला जाते आणि जुळ्या मुलींना रॉनी सांभाळतो. रॉनीनं मात्र फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि सासूला पाठवला.

आणि मग तो बुधवार. कुशाबांनी लिहिलं: 'उदमांजराच्या अंगाला नुकत्याच शिजलेल्या आंबेमोहर भातासारखा वास येतो.'

पुस्तकात नुसता 'सुवासिक तांदूळ' होता. आंबेमोहर कुशाबांनी वाचकांच्या सोयीसाठी घातला. ही सोय नडली.

कारण असं, की दिवाळीनंतर सोमवार सोडून रोज दुपारी तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आंबेमोहराचा घमघमाट सुटत होता. टोकाची खोली मीराबाईंची. मीराबाईंना डॉक्टरांनी साखरेमुळे भात बंद केला होता आणि सून सुचित्रा त्या बाबतीत डॉक्टरांपेक्षा कडक होती. सुचित्रा दादरला चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. ती सकाळी साडेनऊला भाकरी झाकून ठेवून जायची आणि दुपारी मजला भातानं दरवळायचा. मीराबाई ज्याला त्याला सांगत, की वास खालून येतो. खालचे म्हणत, वरून येतो. सुचित्राला अजून कुणी काही बोललं नव्हतं. चाळीत अशा गोष्टी लगेच सांगत नाहीत, मुरू देतात.

अशात फळ्यावर भात आला, आंबेमोहर आला आणि वर मांजर आलं.

फडकं फिरवून झाल्यावर मीराबाई कुशाबांच्या दारात उभ्या राहिल्या. त्या कणकवलीकडच्या, चाळीत येऊन त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली, पण राग गावच्या भाषेतच येतो.

"तुमी माका मांजर म्हणतास?"

कुशाबा म्हणाले, की त्यांनी मांजराला मांजर म्हटलं आहे, तेही उदमांजराला. यानं काही साधलं नाही.

"मी भात खातंय, तर ता सांगूक फळो कित्याक व्हयो? सुनेक चिठी लिवा ना," एवढं बोलून मीराबाई गेल्या. आपण नेमकं काय बोलून गेलो हे जिन्याच्या मध्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण तिथं त्या जरा थांबल्या.

रविवारी चाळीच्या समितीची सभा बोलावण्यात आली. सेक्रेटरी निलेश, वय छत्तीस, विमा कंपनीत आहे. सुचित्राच्या दुकानाला सुट्टी सोमवारी असते, त्यामुळे ती सभेला नव्हती, आणि मीराबाईंनी सभा रविवारीच घ्यायचा आग्रह धरला होता. धनेशनं जिन्यांचा मुद्दा मांडला. धोंडूनं आधीच सांगून टाकलं, की फळ्यावर वटवाघूळ आलं तर तो ऐकून घेणार नाही. निलेशनं सगळ्यांचं ऐकलं आणि निवाडा केला.

"काका, प्राणी लिहा, ना नाही. पण चाळीतले नको."

कुशाबांनी दोन्ही पुस्तकं आणली होती. त्यांनी खुणेच्या पानावरचं वाक्य वाचून दाखवलं. निलेशनं विचारलं, की तुम्ही स्वतः कधी वास घेतलाय का या प्राण्याचा. कुशाबा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची जुनी अडचण आहे. ते म्हणाले, शाळेत एक होतं. बरणीत. वास फॉर्मॅलिनचा यायचा.

यानं त्यांची बाजू पार बसली. ठरलं असं: पुढच्या रविवारपर्यंत कुशाबांनी भाताच्या वासाचं उदमांजर सिद्ध करावं, नाहीतर खडू आणि डस्टर निलेशकडे द्यावेत. निलेश फळ्यावर 'सुप्रभात' लिहिणार होता आणि खाली समितीच्या सूचना.

कुशाबा तो आठवडा फारसे जेवले नाहीत. सकाळी सातला ते फळ्यापाशी जात, मथळ्याकडे बघत आणि परत येत. शुक्रवारी त्यांना वाटलं, वास जिथून येतो म्हणतात ती जागा एकदा बघावी. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, मीराबाईंच्या दाराच्या वर, कौलांखालच्या माळ्याची एक फळी निखळलेली आहे. रॉनी सणासुदीला मंडपाची कामं करतो, त्याच्याकडे शिडी होती. कुशाबा शिडीवर चढले, टॉर्च मारला आणि पाच मिनिटं खाली उतरलेच नाहीत. तुळईवर वाळक्या काळ्या लेंड्यांचा ढीग होता आणि त्यात उंबराच्या बिया आणि चिकूच्या बिया स्पष्ट दिसत होत्या. गोल होत्या, चौकोनी नव्हत्या, त्यामुळे वॉम्बॅटची शक्यता नव्हती.

त्यांनी लगेच अपेक्षाला फोन केला. अपेक्षा त्यांच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी. माटुंग्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातले साप आणि घुबडं सोडवत हिंडते.

रविवारी सकाळी साडेदहाला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सव्वीस माणसं जमली. मीराबाई स्वतःच्या दारात, दार मागून ओढून घेऊन उभ्या होत्या. अपेक्षा शिडीवर चढली, एक लेंडी चिमट्यानं पिशवीत घातली आणि म्हणाली, "सिव्हेटच आहे. उदमांजर. मुंबईत कौलांच्या घरात राहतात पुष्कळ. कोकणात कांडेचोर म्हणतात ना, तेच."

मीराबाईंचा चेहरा बदलला.

"कांडेचोर?"

कुशाबा ओशाळून म्हणाले, की हा शब्द त्यांना माहीत होता. पण फळ्यावर चोर लिहिलं तर कुणीतरी मनाला लावून घेईल, म्हणून त्यांनी विचारपूर्वक मांजर लिहिलं.

"मगे तसा लिवचा मा!" मीराबाई म्हणाल्या. "कांडेचोर माका काय ठावक नाय?" आणि त्यांनी सगळ्या मजल्याला सांगितलं, की त्यांच्या माहेरी फणसावर कांडेचोर यायचा तेव्हा अख्ख्या परसात भाताचा वास सुटायचा, आणि त्यांची आई विचारायची, रानात भात कोण शिजवतंय. बोलता बोलता त्यांना या प्राण्याचा दुसराही उपयोग ध्यानात आला. त्या निलेशकडे वळल्या. पंधरा दिवस घसा फोडून सांगतेय, की भात माझ्याकडे शिजत नाही, ऐकलं कुणी? पंधरा दिवस त्या असं सांगत नव्हत्या, खालून येतो असं सांगत होत्या. पण तपशिलात कुणी शिरलं नाही.

निलेशनं अपेक्षाला विचारलं, "वासाचं काय?"

अपेक्षानं नाक वर करून हुंगलं. "येतोय," ती म्हणाली. "भाताचाच."

कुठून, ते तिला कुणी विचारलं नाही. त्याऐवजी शिडीला रांग लागली. चाळीला रांगेची सवय आहे. पाच मिनिटांत नंबर ठरले. एकेक जण चढायचा, माळ्यात डोकं घालायचा आणि उतरताना मान डोलवायचा. धोंडू म्हणाला, कोलम आहे. निलेश म्हणाला, आंबेमोहरच, नवा. ॲन्टोनेटनं उतरल्यावर विचारलं, की हा प्राणी पाळता येतो का.

तेवढ्यात मीराबाईंच्या ओढलेल्या दारामागे कुकरची शिट्टी झाली.

सव्वीस माणसांनी एकाच वेळी माळ्याकडे पाहिलं. मीराबाईंनीही पाहिलं. दुसरी शिट्टी झाली तेव्हा निलेशनं आवाज थोडा चढवून जाहीर केलं, की समितीचं समाधान झालेलं आहे, माहिती खरी आहे आणि खडू कुशाबाकाकांकडेच राहील. टाळ्या तिसऱ्या शिट्टीवर पडल्या.

कुशाबा अपेक्षाला सोडायला स्टेशनपर्यंत गेले. दहा-बारा वर्षांत त्यांनी कुणाला पाजला नसेल तो सोडा-लिंबू तिला पाजला. सोडा संपवून ती म्हणाली, की तुमचा फळा राहिला हे छान झालं, पण एक सांगते. लेंड्या पार वाळलेल्या आहेत, ताजी एकही नाही. निदान तीन महिने तिथं कुणी राहत नाही. आणि तुळईला वास असेल तर फक्त धुळीचा.

"मग तू येतोय म्हणालीस तो?"

"काका," अपेक्षा म्हणाली, "त्या आजींचा कुकर शिडीपासून चार फुटांवर होता."

कुशाबा परत येताना दोनदा थांबले. वाक्य त्यांनी मनात पुन्हा तपासलं. उदमांजराच्या अंगाला भातासारखा वास येतो, हे खरं आहे. ते आपल्या माळ्यावर आहे, असं त्यांनी कुठं लिहिलेलं नव्हतं. फळ्यावर त्यांचं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि जे खोटं होतं ते चाळीनं बहुमतानं मंजूर केलेलं होतं. सोमवारी सकाळी सातला त्यांनी लिहिलं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. खडू छान उमटला. रांगेत सगळ्यांनी आपापल्या छातीला हात लावून पाहिला आणि या वेळी कुणाला राग आला नाही.

मंगळवारी दुपारी, सुचित्रा दुकानात असताना, मीराबाई वाटी घेऊन आल्या. आत आंबेमोहर भात होता, वर तूप, कडेला लिंबाचं लोणचं. कुशाबांनी आठवड्याभरानंतर पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, वाटी धुतली आणि रिकामी कशी द्यायची म्हणून तीत चार बत्तासे घालून परत केली.

चाळीत आता सगळं ठीक आहे. तिसऱ्या मजल्यावर सोमवार सोडून रोज दुपारी भाताचा वास येतो आणि पाहुणे आले, की त्यांना शिडीपाशी नेऊन तो ऐकवला जातो, म्हणजे हुंगवला जातो. मीराबाई त्याला 'आमचो कांडेचोर' म्हणतात. सुचित्राला आधी शंका होती, पण अख्खी चाळ साक्षीला असल्यावर तिनंही मानलं. तिला तर आता त्या प्राण्याची माया लागली आहे. कामाला निघताना ती माळ्याच्या निखळलेल्या फळीवर एक केळं ठेवून जाते, आणि संध्याकाळी येऊन बघते तो केळं संपलेलं असतं.

उदमांजर गणपतीच्या आधीच निघून गेलेलं आहे. केळं धनेश खातो.