वजा अठरा ग्राह्य नाही

समजा

समजा, मिरजोळ्यात एक क्लास आहे. खाली चिकनचं दुकान, बाजूने जिना, जिन्याच्या डोक्यावर चपलांचा ढीग आणि आत लांबट खोलीत बाकांवर चेपून बसलेली दहावीची मुलं.

समजा म्हणायचं, कारण गणितात तशी पद्धत आहे. एरवी 'समजा' म्हणण्यासारखं काही नाही. क्लास आहेच.

क्लास विनोद सरांचा. शाळेतले गणिताचे सर दिवाळीआधी बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही. तासाला चित्रकलेच्या बाई येत, "स्वाध्याय सोडवा, आवाज नको," म्हणत आणि मोबाईल काढत. तेव्हा बीजगणित शिकायचं तर हा जिना चढायचा, दुसरी वाट नव्हती. अक्षयालाही दुसरी नव्हती आणि तिला नकोही होती. वर्गसमीकरण आलं की बाकीची मुलं मान खाली घालत, ही पुढे सरकून बसे. मधलं पद फोडायचं: ज्यांचा गुणाकार इतका आणि बेरीज इतकी, अशा दोन संख्या शोधायच्या. काही माणसं काटा न काढता मासा खातात आणि काटा बरोबर ओठाशी येतो, तशा त्या संख्या तिच्या तोंडाशी येत.

संध्याकाळी ताळा करायला आई लागे. मैना सातवीपर्यंत शिकलेली. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. घरात या दोघीच. अक्षया उत्तर परत समीकरणात घाली, मोठ्याने आकडेमोड करी, आणि मैना भाजी चिरता चिरता शेवटी एवढंच विचारी, "जुळलं?"

"जुळलं."

"मग झालं तर."


रीत

विनोद सरांच्या क्लासमधली मुलं गावात कुठेही ओळखू येत. शाब्दिक उदाहरण सोडवताना ती शेवटच्या ओळीला मनातल्या मनात गुणगुणत:

शाब्दिकात वजा, त्याला द्या रजा!

हे सरांनी स्वतः रचलेलं. वय वजा नसतं, शेताची लांबी वजा नसते, बोटीचा वेग वजा नसतो. मग विचार कशाला करायचा? दोन उत्तरं आली की वजावाल्यावर काट मारायची, खाली 'ग्राह्य नाही' लिहायचं, दोन रेघा मारायच्या. पुढचं उदाहरण. "बोर्डाला वेळ नाही आणि तुम्हाला डोकं नाही," सर म्हणत. मुलं हसत. सर वाईट नव्हते. त्यांच्या गाण्यावर कितीतरी पोरं पास झाली होती आणि दर जूनमध्ये त्यांचे फोटो नाक्यावरच्या बॅनरवर झळकत.

फेब्रुवारीत सरांनी चाचणी घेतली. तिच्यावर बोर्ड बॅचची निवड ठरायची होती. बोर्ड बॅच म्हणजे परीक्षेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ सराव. बाकीच्यांना सुट्टी, घरी बसा आणि देवाचं नाव घ्या. चाचणीत हा प्रश्न होता:

मासे गोठवून ठेवण्याच्या खोलीतील तापमानाच्या वर्गात त्याच तापमानाची १३ पट मिळवली असता ९० मिळतात. त्या खोलीचे तापमान किती अंश सेल्सिअस?

अक्षयाने लिहिलं:

x² + 13x − 90 = 0
x² + 18x − 5x − 90 = 0
x(x + 18) − 5(x + 18) = 0
(x + 18)(x − 5) = 0
x = −18 किंवा x = 5

इथवर सगळ्या क्लासचं सारखंच होतं. पुढे सगळ्यांनी वजा अठराला रजा दिली. अक्षयाने काट मारली ती पाचावर आणि लिहिलं: पाच अंशाला मासे गोठत नाहीत. म्हणून ५ ग्राह्य नाही.

हे तिने पुस्तकातून काढलं नव्हतं. मैना इंडस्ट्रीमधल्या मासळीच्या कंपनीत पॅकिंगला होती. माशांचे ट्रे गोठवणीच्या खोलीत नेऊन लावायचं कामही तिच्याकडेच. एकदा डबा विसरली म्हणून अक्षया द्यायला गेली होती. त्या खोलीच्या जाड दारावर लाल आकडे पेटलेले असतात. आकड्याआधी एक आडवी रेघ. दार उघडलं तेव्हा आतून धुरासारखं काहीतरी जमिनीवरून सरपटत आलं आणि त्यातून स्वेटर-कानटोपी घातलेली तिची आई बाहेर आली. अख्ख्या आळीत स्वेटर फक्त त्यांच्या दोरीवर वाळायचा. मार्चच्या उन्हात तो बघून शेजारची गंगुबाई म्हणायची, "काय गो मैना, काश्मिरास जातेस काय?"


चूक

"ही कोण आपल्यात नवी शास्त्रज्ञ?" पेपर हातात नाचवत विनोद सर म्हणाले. "सगळ्या क्लासचं पाच. हिचं वजा अठरा. पाच ग्राह्य नाही म्हणे! अक्षया, उभी राहा. गाणं काय आपलं?"

"शाब्दिकात वजा, त्याला द्या रजा."

"मग तू कोणाला दिलीस रजा?"

"सर, मासे गोठवायचेत ना. पाचाला गोठत नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

"आई तिथेच कामाला आहे, सर. दारावर आकडा असतो. मी बघितलाय."

"अच्छा. म्हणजे आता आई शिकवते बीजगणित." क्लास हसला. "मग घरीच बस की तिच्यापाशी."

इथे गप्प बसायला हवं होतं. शेजारच्या मृणालीने बाकाखालून तिचा पाय दाबलाही. पण अक्षया म्हणाली, "सर, पाचाला म्हाकूल मासा ठेवला तर कुजेल. वास सुटेल."

आता क्लास फुटला. मागून सर्वेश ओरडला, "सर, वास इथपर्यंत येतोय!" आणि नाक धरून बसला.

सर हसले नाहीत. सगळे पेपर तपासून झाले होते. सगळ्यांना पाच या उत्तराचे मार्क देऊन झाले होते. ते तिच्या पेपराकडे जरा वेळ बघत राहिले. त्या क्षणी त्यांनाही कळलं असावं, असं अक्षयाला वाटलं आणि पुढेही वाटत राहिलं. मग त्यांनी पेपर दुमडून तिच्या बाकावर टाकला.

"उद्या आईला घेऊन ये. ती आली तर आत बस. नाहीतर बोर्ड बॅचचं विसर."

घरी अक्षयाने पेपर आईपुढे ठेवला. मैना बोटांना खोबरेल चोळत होती. कामावरून आल्यावर तिची बोटं तासभर नीट मिटत नसत.

"तू काही भांडू नको. फक्त आकडा सांग. तू सांगितलंस की झालं."

"सांगीन की," मैना म्हणाली. "त्यात काय चोरी हाय?"

अक्षयाने ताळा केला. वजा अठराचा वर्ग तीनशे चोवीस. त्यातून दोनशे चौतीस गेले. उरले नव्वद.

"जुळलं?" मैनाने विचारलं.

"जुळलं."


दोन उत्तरे

मैना कामाची पाळी संपवून थेट क्लासला आली, स्वेटर अंगातच. जिन्यात तिने कानटोपी काढून पिशवीत कोंबली, केसांवरून हात फिरवला. आत तिला बसायला कोणी सांगितलं नाही. सगळ्या मुलांसमोर, फळ्याच्या कडेला ती उभी राहिली.

सर अगदी गोड बोलले. "ताई, तुमची मुलगी हुशार आहे हां. पण म्हणते, सरांचं चुकलं. मी म्हणतो पाच. आता तुम्ही रोज आत जाता, तुम्हीच सांगा या सगळ्यांना. किती असतं? तुम्ही सांगितलंत की मला बॅचची नावं लिहायला घेता येतील."

त्यांच्या एका हातात खडू होता, दुसऱ्या हातात नावांचा कागद.

वर्गसमीकरणाला उत्तरं दोन असतात. इथेही दोन होती.

पहिलं: मैना म्हणते, "वजा अठरा, सर." ती हात पुढे करते, बोटांच्या पेरांवरचे काळे चट्टे दाखवते. सर डोकं खाजवतात. "अरे, खरंच की! गोठवायचेत नाही का," म्हणतात आणि अक्षयाच्या पेपरावर मार्क वाढवतात. सर्वेशने नाकावरचा हात काढलेला असतो.

हे उत्तर समीकरणात बसतं. ताळा जुळतो. मिरजोळ्यात ग्राह्य नाही. यावर काट मारा.

दुसरं:

मैनाने लेकीकडे बघितलं नाही. सरांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"पाच असंल, सर."

"असेल की आहे?"

"हाय. पाचच हाय." मग जरा थांबून, "पोर हाय, सर. चुकलं तिचं. बसू दे तिला."

"बघा!" सर क्लासकडे वळले. "मी काय म्हणत होतो? ये अक्षया, राग नाही हां आपला. फळ्यावर ये, उदाहरण पुरं कर."

समीकरण फळ्यावर लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीत दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी. अक्षयाने डस्टर उचललं.

"पुसायचं नाही," सर म्हणाले. "काट मारायची. मारलेली दिसली पाहिजे."

तिने काट मारली. आई तोवर दारात उभी होती.

मागच्या बाकावरून सर्वेशचा आवाज आला, "खिडक्या लावा रे, वजा अठरा आली. थंडी वाजतेय!" परीक्षेपर्यंत अक्षयाला तेच नाव राहिलं.


वाट

घराकडे जाताना अक्षया पुढे, मैना मागे.

"थांब गो. पाय दुखतायत माझे."

अक्षया थांबली नाही.

"आत बसवला ना तुला? नाव लिवला ना?"

"तू खोटं बोललीस."

"मी काय बोलले त्यानं दारावरचा आकडा बदलतोय काय? तो हाय तिथंच हाय. उद्या जाईन तर तितकाच असंल."

"मग सांगायचं होतं ना!"

"आणि त्यानं तुला काढली असती म्हंजे? शाळेत मास्तर नाय. इथं हा एक हाय, तो पण घालवू?"

अक्षया वळली. "परीक्षेत असंच उदाहरण आलं तर? काय लिहू?"

"सर सांगतात ता लिव."

"आणि चुकलं तर?"

मैनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सगल्यांचाच चुकंल मग. तुज्या एकटीचा तर नाय ना चुकायचा," ती म्हणाली.

हे बोलताना तिचा आवाज अगदी मायेचा होता. अक्षया परत वळली आणि घर येईपर्यंत पुढेच चालत राहिली. त्या संध्याकाळी तिने वही उघडली नाही. मैनाने भाजी चिरली, दोनदा तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता ताटं घेतली.


ताळा

सकाळी कंपनीची गाडी नाक्यावर यायची वेळ झाली होती. अक्षया बॅचला जायच्या तयारीने वही घेऊन ओटीवर बसली होती. आत मैनाची शोधाशोध चालली होती. गोधड्या उचलून झाल्या, पिशवी उलटी करून झाली.

"माझी कानटोपी कुठं बघितलीस काय गो?"

टोपी अक्षयाच्या समोर, खिडकीच्या गजाला अडकवलेली होती.

"पाचाला कशाला लागते टोपी?" ती म्हणाली. वहीतून मान वर केली नाही.

आतली खुडबुड थांबली.

मैना दारात आली. स्वेटरच्या एका बाहीत हात घातलेला, दुसरी बाही लोंबत होती. अक्षयाला वाटलं, आता ती बोलेल. निदान एक थोबाडीत तरी मारेल. ते बरं झालं असतं.

मैनाने दुसऱ्या बाहीत हात घातला. गजावरची टोपी काढून घेतली, झटकली, पिशवीत ठेवली. "डबा झाकून ठेवलाय. नेशील," म्हणाली आणि अंगणातून खाली उतरली. नाक्यावर गाडीने हॉर्न दिला तशी तिने पावलं उचलली. पळताना तिचा उजवा पाय जरा ओढत होता.

अक्षयाने वही पुढे ओढली. वर लिहिलं: x = 5. मग आईने विचारायचं ते स्वतःच विचारल्यासारखं, पायरीपायरीने, सावकाश घालून बघितलं. पाचाचा वर्ग पंचवीस. पाचाची तेरा पट पासष्ट. पंचवीस आणि पासष्ट.

नव्वद.

तिने पुन्हा केलं. पुन्हा नव्वद. कुठेही एवढंसं उरत नव्हतं, एवढंसं कमी पडत नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या.

जुळत होतं.

तिने खाली 'उत्तर: ५' लिहिलं आणि सर सांगतात तशा दोन सरळ रेघा मारल्या.