सात नंबरची छत्री

इंदापूरच्या एका शिक्षणसंस्थेनं सरकारकडं युद्धनौका मागितली होती. सरकारनं तिचा मास्ट दिला. 'आयएनएस कृष्णावती' मुंबईत मोडीत निघाली, तेव्हा तिची चाळीस फुटी लोखंडी डोलकाठी, वरच्या अँटेनांसकट, ट्रेलरवर घालून आणली आणि मैदानात उभी केली. समुद्र लांब आहे, पण उजनीचं पाणी जवळ असल्यानं तिला फार परकं वाटणार नाही, असं संस्थेचे अध्यक्ष म्हणाले.

मग वरच्या वस्तूंची नावं फलकावर लिहायची वेळ आली आणि ती कुणालाच येत नसल्याचं लक्षात आलं. शोधाशोध झाली. बारामती तालुक्यातल्या सांगवीचे हिंदुराव याच जहाजावर अकरा वर्षं रडार मेकॅनिक होते. निवृत्त होऊन आल्यापासून गाव त्यांना टीव्ही दुरुस्तीला बोलवत होतं. रडारबद्दल विचारणारा पहिला माणूस म्हणजे संस्थेचा व्यवस्थापक रणजित. तो गाडी घेऊनच आला.

मास्टखाली उभं राहून हिंदुरावांनी आधी टोपी काढली. मग वर बोट केलं.

"लिही. एक नंबर, ती गोल कडी. दुसऱ्याचा रेडिओ कुठनं बोलतोय त्याची दिशा दावती. दोन, तीन, चार, त्या उभ्या काठ्या. आपल्या बोलण्याच्या. पाच, ती आडवी पट्टी. बंदरात शिरताना वापरायचं रडार. सहा, वारा मोजायचा भोवरा. सात..."

"सात मेन रडार," रणजितनं मदत केली.

"सात छत्री हाय. केबलवाल्याची."

"आबा, नीट बघा की."

"नीट बघूनच म्हणतोय. जहाजाचं रडार पाण्याकडं बघत फिरतं. ही आभाळाकडं तोंड वासून बसलीया. खाली मोटर न्हाय, गिअर न्हाय. आमचं रडार कुठं हाय?"

रणजितनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. ट्रेलर गावात शिरला, त्या दिवशी अध्यक्षांचा वाढदिवस होता. रस्त्यावर स्वागताची कमान. रडार आडवं अडकलं. कमान काढायची, तर त्यावर अध्यक्षांचा फोटो. वाढदिवसाला त्यांना खाली उतरवणार कोण? तासभर चर्चा झाली. शेवटी गॅसकटर आणून रडार कापलं. युद्धातनं धड आलेली वस्तू शुभेच्छांनी पाडली. बोडका मास्ट बरा दिसेना, म्हणून कॉलेजच्या गच्चीवरची छत्री चढवली.

कापलेलं रडार कॉलेजच्या वर्कशॉपमागं टाकलं होतं. हिंदुरावांनी तिथं जाऊन बघितलं. कमानदार जाळीचे दोन तुकडे. याच जाळीनं एकदा तुफानात एक ठिपका दाखवला होता. ठिपक्याजवळ गेल्यावर उलटलेल्या होडीला धरून बसलेले सात कोळी निघाले. त्या ठिपक्याला अधिकारी लाट म्हणत होते. हिंदुराव होडी म्हणत होते.

"दोन दिवस दे. वेल्डिंग करून घेतो. फिरणार न्हाय, पर खरं तरी असंल."

रणजित अध्यक्षांना विचारून आला, तो चार दिवसांनी. "अध्यक्ष म्हणत्यात, छत्री नवी दिसतीय. ऱ्हाऊ द्या."

"मग छत्री म्हणून लिव्हा."

"फलक तयार झालाय, आबा. सात नंबर, मुख्य टेहळणी रडार. खाली तुमचं नाव, तज्ज्ञ मार्गदर्शक. पुढच्या रांगेत खुर्ची हाय, शाल हाय. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय. नाव काढ."

"ग्रॅनाइटवर कोरलंय. कसं काढू?"

उद्घाटनाला हिंदुराव नऊ वाजताच हजर झाले. छातीवर 'तज्ज्ञ' असा बिल्ला होता, त्यामुळं हातातल्या रंगाच्या दोन डब्यांबद्दल कुणी विचारलं नाही. पाहुणे दहाला येणार होते, म्हणजे बाराला येणार, हे मांडववाल्यालाही ठाऊक होतं. हिंदुराव फलकावरच्या सॅटिनच्या पडद्याआड गेले. कोरलेल्या अक्षरांत रंग भरत नाव बुजवायला वेळ लागतो, त्यात चष्मा घामानं घसरत होता.

पाहुणे मात्र अकरालाच आले. अशी दगाबाजी त्यांनी आजवर केली नव्हती. सनई लागली, दोरी ओढली गेली, पडदा सरकला. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. फलकासमोर हिंदुराव ब्रश घेऊन उभे. त्यांच्या नावाच्या जागी काळा पट्टा, आणि शेजारी पांढऱ्या अक्षरांत: 'सात नंबर रडार नाही. टीव्हीची छत्री आहे. खरं रडार कमानीसाठी का...'

"हे कोण?" पाहुण्यांनी विचारलं.

"तज्ज्ञ मार्गदर्शक," रणजितच्या तोंडून सवयीनं गेलं.

अध्यक्षांनी माईकवर हात ठेवला. "हिंदुराव, तुमचा सत्कार आहे आज. शोभतं का हे? या, इकडं या."

"आलोच," हिंदुराव म्हणाले. "दोन अक्षरं ऱ्हायलीत."

आणि सगळ्यांकडं पाठ करून त्यांनी ब्रश पुन्हा पांढऱ्या डब्यात बुडवला.