लांब बटणाचं पिस्तूल

माझी बायको दातांची डॉक्टर. दवाखान्यात दोनदा चोर शिरले, दुसऱ्या खेपेला तर ती आत असताना. मग तिने रीतसर परवाना काढून पिस्तूल घेतलं. मी नको म्हणालो होतो, पण आमच्या घरात माझ्या नकाराला विचारतो कोण!

धाकट्या भावाला मात्र उधाण आलं. तो विकतो पडदे, पण बोलतो असा की दोन युद्धं लढून सुट्टीवर आलाय.

"वहिनी, हे बटण दाबलं की मॅगझिन खाली पडतं, म्हणजे गोळ्यांची डबी. पण बटण केवढंसं! ऐन वेळी सापडायचं नाही. मी लांब बसवून देतो."

"भाऊजी, मी डावखुरी आहे."

"त्याने काय फरक पडतो?"

दाढदुखीवर घरगुती उपाय करणाऱ्या रोग्यांना फाडून खाणाऱ्या माझ्या बायकोने त्या दिवशी पिस्तूल त्याच्या हाती कसं दिलं, देव जाणे.

रविवारी आम्ही तिघं नेमबाजीच्या वर्गाला गेलो. शिकवणाऱ्या बाई पूर्वी पोलिसात होत्या आणि आवाज अजून तिथेच नोकरीला होता. बायकोने मॅगझिन भरलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली आणि पिस्तूल घट्ट धरलं. तिच्या डाव्या तर्जनीच्या बुडाखाली ते लांब बटण दबलं आणि मॅगझिन थेट बाईंच्या बुटावर आदळलं.

"नळी समोर ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवा," असं म्हणत बाई वाकल्या.

तेवढ्यात भावाने पिस्तूल उचललं. "वहिनी, पकड चुकतेय तुमची. हे बघा, असं धरायचं."

त्याचं बोट चापावर गेलं आणि नळी आमच्याकडे वळायला लागली. रोग्यांचे जबडे धरून तयार झालेल्या हाताने बायकोने त्याचं मनगट पकडलं आणि निशाणाकडे रेटलं.

"बोट काढा."

"अहो, मॅगझिन बाहेर आहे. रिकामं आहे ते!"

"बोट काढा म्हणते ना!"

त्याने काढलं. बाईंनी पिस्तूल ताब्यात घेऊन स्लाइड मागे ओढली. आतून एक गोळी टुणकन उडाली, भावाच्या छातीवर आपटली आणि फरशीवर गडगडत गेली. भावाचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या पांढऱ्या पडद्यासारखा झाला.

"मॅगझिन पडलं म्हणजे पुढच्या गोळ्या गेल्या," बाई म्हणाल्या. "नळीत चढलेली आतच बसते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग आत डोळ्यांनी बघायचं. आणि एवढं करूनही नळी माणसाकडे करायची नाही. आता सांगा, हे शिंग कोणी बसवलं?"

आम्ही दोघांनी भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं.

बाईंनी ते काढून मूळचं छोटं बटण लावलं, तेही बाजू बदलून. आता ते बायकोच्या डाव्या अंगठ्याला बरोबर लागत होतं, आणि मुद्दाम दाबल्याशिवाय मॅगझिन जागचं हलत नव्हतं. तिने लागोपाठ पाच गोळ्या झाडल्या. निशाणाला दोनच लागल्या, पण माझ्यावर रुबाब पाचांचा.

भाऊ तोंड धुऊन आला. मग हळूच बाईंना म्हणाला, "हा वर्ग मलाही लावता येईल का?"

"येईल की. पहिला महिना हात खिशात घालून बसायचं."

"चालेल," तो म्हणाला, आणि त्याने तिथल्या तिथे दोन्ही हात खिशात घातले.