वीस वर्षांचा चर

बांधाला लागून ठोकलेली खुंटी तावेत्तीनं दोन्ही हातांनी हिसकून काढली आणि एलियासच्या पायाशी टाकली.

जूनचा पहिला आठवडा होता. बर्फ वितळून महिना झाला तरी दलदलीकडून गारठा येतच होता, आणि तावेत्तीचा जव नुकता कुठं बोटभर वर आला होता. अशा कोवळ्या पिकाजवळ कुणी न विचारता हातोडा घेऊन फिरावं, हे त्याला खपणारं नव्हतं.

"माज्या बांधावर खुंटी ठोकायला तुला कुनी सांगितलं?"

"बांधाच्या भायेर ठोकलीय," एलियास म्हणाला. "हितनं चर जानार हाय."

"कुनाचा चर?"

"समद्यांचा."

तावेत्ती हसला, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. समद्यांचा हा शब्द त्यानं आधी एकदा ऐकला होता. नऊ वर्षांपूर्वी असाच एक बोलका माणूस गावात आला, समद्यांचा रस्ता म्हणून त्यानं सगळ्या गावाला महिनाभर राबवलं. रस्ता झाला. पण तो रस्ता गेला थेट एका लाकूडवाल्याच्या जंगलात. त्याच्या बड्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केली, आणि त्या चाळणीत तावेत्तीचा घोडा पाय मोडून पडला. भल्या घोड्याला स्वतःच्या हातानं गोळी घालावी लागली. तेव्हापासून कुणी 'आपण सगळे मिळून' असं म्हणालं, की तावेत्ती आधी त्या माणसाची जमीन कुठं आहे ते बघायचा.

एलियास तोर्वीनेनची जमीन बरोबर दलदलीच्या काठाला होती. तावेत्तीला आणखी काय हवं होतं?

हा एलियास तसा याच गावचा. पोरवयात अनाथ झाला, तो दक्षिणेकडं बड्या जमीनदारांच्या दलदली उपसत फिरला, आणि सहा वर्षांपूर्वी बायको घेऊन परत आला. माणूस मोजकं बोलायचा. तावेत्तीच्या मते तर तेच वाईट. जास्त बोलणाऱ्याचं खोटं कुठंतरी उघडं पडतं, कमी बोलणाऱ्याचं शोधत बसावं लागतं.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर एलियासनं गावाला थांबवून घेतलं. तेवीस घरं होती, बहुतेक सगळी थांबली. गेल्या दहा वर्षांत आपल्याच शेतातलं बी आपण किती वेळा पेरलं, एवढंच त्यानं विचारलं. लोकांनी मनात हिशेब केला. तीन वेळा. बाकीच्या सात साली ऑगस्टात आभाळ निवळलं, वारा पडला, पहाटे दलदलीतून पांढरा धूर उठून शेतांवर पसरला आणि उभा जव गोठवणाऱ्या हिवानं करपला. हिव कुठून येतं हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक होतं. ते दलदलीत राहायचं.

मग एलियास सगळ्यांना घेऊन कबरस्तानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात गेला. तिथं क्रूस नव्हते. मोठ्या उपासमारीच्या वर्षी मेलेली माणसं तिथं एकावर एक पुरली होती आणि वरची माती खचून सपाट झाली होती.

"हितं माज्या दोन भैनी हायेत," एलियास म्हणाला. "नेमकं कुठं, ते ठावं न्हाई. त्यांच्यासाटी आता कायबी करता येत न्हाई. पन पिकं बुडून आनकी कुनी या कोपऱ्यात येऊ नये, यवढं करता येतंय. दलदलीतनं नदीपतुर चर खनायचा. दलदल सुकली की हिवाला घर ऱ्हानार न्हाई."

बायकांनी डोक्यावरच्या रुमालाची टोकं डोळ्याला लावली. लोहार आन्त्ती ओरडून म्हणाला की मग येत्या साली बिनसालीची भाकर खाऊ. दर उपाशी वर्षी पाइनच्या झाडाची साल कुटून पिठात मिसळायची, त्या कडू भाकरीला सगळेच विटले होते. सगळीकडून होकार आला. एलियास खाली मातीकडं बघत राहिला.

तावेत्तीचा बाप त्याच कोपऱ्यात होता. म्हणूनच त्याला जास्त झोंबलं. घरी जाताना तो रीक्काला, आपल्या बायकोला म्हणाला, "मेलेल्यास्नी उटवून चर खनायला लावतोय त्यो. असला मानूस जित्यांचं काय करंल?"

सोमवारी सकाळी रीक्कानं फावडं खांद्यावर टाकलं आणि निघाली. मग तावेत्तीही निघाला. नजर ठेवायला कुणीतरी पाहिजेच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

एलियासनं घरागणिक चराचे तुकडे पाडून दिले होते, माणसं बघून. विधवांच्या वाट्याला कोरडा, मऊ तुकडा. जिथं बुडालेल्या झाडांची मुळं गुंतलेली होती आणि माणूस मांडीपर्यंत रुतायचा, तो तुकडा त्यानं स्वतःला ठेवला होता. लोक बर्चच्या सालीची पायताणं घालून चिखलात उतरायचे, डास तोंडाभोवती घोंगावायचे, आणि तरीही कोण कुठवर पोचला याची एकमेकांत चढाओढ लागायची. लोहार कामातच गाणी म्हणायचा. बायका शेजारणीचा तुकडा संपेपर्यंत घरी जायच्या नाहीत. असा गाव तावेत्तीनं जन्मात पाहिला नव्हता, आणि जे जन्मात पाहिलं नाही त्यावर विश्वास ठेवायची त्याची तयारी नव्हती.

त्यानं घरून दोर आणून सगळे तुकडे मोजले. त्याच्या वाट्याला, दोन्ही हात पसरून मोजायचे असे चाळीस वाव सांगितले होते, चाळीसच भरले. मग त्याच्या ध्यानात आलं, की एलियासच्या कुरणापाशी चर सरळ न जाता वळण घेतो. त्यानं तिथंच सगळ्यांदेखत विचारलं, हे वळण कुणाच्या सोयीचं?

"खाली खडक हाय," एलियास म्हणाला. "पहार मारून बगा."

तावेत्तीनं मारली. खडक लागला. एका जागी खडक असणं सोपं, म्हणून पुढच्या रविवारी चर्च बुडवून तो एकटाच आला आणि कुरणाच्या कडेनं पंचवीस ठिकाणी पहार रोवली. पंचविसाव्या वेळीही ठण्णकन आवाज आला तेव्हा तो घामाघूम होऊन तिथंच बसला. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याला राग आला होता.

जुलैच्या मध्याला सरकारचा शेतकी माणूस चर बघायला आला. टोपी घातलेला, सभ्य, डासांनी बेजार झालेला. सगळे कामात होते, तावेत्ती त्याच्याबरोबर मुद्दाम नदीपर्यंत चालत गेला. वाटेत त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सायेब, येत्या साली हिव जाईल न्हवं?"

साहेब थांबला. म्हणाला, चर ही नुसती सुरुवात. मग आडवे चर, मग माती सुकायची, जाळायची, नांगरायची. एवढी मोठी दलदल म्हणजे पंधरा वर्षं तर नक्की. वीस धरा.

"ह्ये एलियासला ठावं हाय?"

"वसंतातच पत्रानं कळवलंय मी त्यांना."

दीड महिना तावेत्ती जे शोधत होता ते आयतं हातात आलं. परतताना त्याचे पाय हलके झाले होते. आपण चौपन्न वर्षांचे आहोत हे त्याला त्या वाटेवरच आठवलं, आणि पाय पुन्हा जड झाले.

दुपारी सगळे चराच्या काठावर भाकर, खारवलेले मासे आणि आंबट दूध घेऊन बसले होते. तावेत्ती उभा राहिला. साहेब काय म्हणाला ते त्यानं एक शब्द न वाढवता सांगितलं. मग एलियासकडं वळला. "पत्र आलं व्हतं का न्हाई?"

एलियासच्या हातातली भाकर तशीच राहिली. "आलं व्हतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"येत्या साली हिव जाईल असं म्या कवा म्हटलं न्हाई," एलियास म्हणाला. मग भाकर खाली ठेवून म्हणाला, "पन तुमी म्हनत व्हता तवा गप ऱ्हायलो. वीस वर्सं म्हटलं असतं तर कुनी फावडं उचललं नसतं, असं वाटलं मला. चूक माजीच."

कुणी भांडलं नाही, तेच वाईट झालं. लोकांनी दुधाची भांडी बांधली, फावडी पुसली आणि घरची वाट धरली. लोहार जाताना एलियासच्या खुंटीवर थुंकला. तावेत्ती खरा ठरला होता. त्या दिवशी चारजणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. घरी रीक्कानं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, "बोलला ते बरं केलं. आता म्होरं काय?"

अर्धा चर तसाच उघडा पडून राहिला. तावेत्ती गवत कापायला टेकडीवर जायचा तेव्हा तिथून दलदल दिसायची, आणि तिच्यात एकच माणूस मांडीपर्यंत रुतून मुळं तोडत असलेला दिसायचा. हे दाखवण्यासाठी चाललंय, असं तावेत्तीनं ठरवलं. मग कुणाला, असं त्याच्या मनात आलं. टेकडीवर तो सोडून दुसरं माणूस नव्हतं, आणि एलियासनं एकदाही मान वर केली नव्हती. तरी त्यानं पुढचे तीन आठवडे रोज वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहिलं. माणूस तिथंच. पावसातही.

ऑगस्टच्या विसाव्या दिवशी वारा पडला. पहाटे उजाडताना रीक्कानं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. तावेत्ती बाहेर आला. जव राखाडी झाला होता. त्यानं एक कणीस चिमटीत चोळलं, आत दाण्याच्या जागी नुसतं पाणी. शेजारच्या शेतात लोहार तसाच उभा होता. खाली दलदलीच्या काठाचं एलियासचं शेत सगळ्यात आधी गेलं होतं.

तावेत्ती घरात गेला, पायताणं बांधली, फावडं घेतलं आणि दलदलीत उतरला. स्वतःच्या चाळीस वावांतले बारा उरले होते, तिथं त्यानं खणायला घेतलं. बऱ्याच वेळानं एलियास काठानं चालत त्याच्यापाशी आला.

"तुज्यावर माजा इस्वास न्हाई," तावेत्ती मान वर न करता म्हणाला.

"नसू दे."

"वीस वर्सं लागनार."

"लागनार. तवर आजच्यासारकं चार-पाच डाव तरी बुडंल."

"मग ह्ये समद्यांम्होरं सांग. म्या न्हाई सांगनार, तू सांग. आकडा सांग. न्हाईतर म्या ह्ये बारा वाव खनून घरी जातो, आन् तू तुजा चर नदीत ने न्हाईतर चुलीत घाल."

एलियास त्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला, पण या वेळी त्यानं कबरस्तानाकडं कुणाला नेलं नाही. त्यानं पत्र वाचून दाखवलं. वीस वर्षं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी सुकलेली दलदल बघायची आशा धरू नये. मधल्या काळात पिकं बुडतील. झाडाची साल पुन्हा खावी लागेल, येत्या हिवाळ्यातच लागेल. उद्या सकाळी आपण कामावर असू, ज्याला यायचं त्यानं यावं, न येणाऱ्याला आपण दोष देणार नाही. या वेळी ऐकताना कुणाच्या डोळ्यात पाणी नव्हतं.

दगडी कुंपणावर मार्केत्ता आज्जी बसली होती. त्र्याहत्तर वर्षांची, पोटची चार लेकरं त्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलेली. तिनं काठी टेकून विचारलं, "वीस म्हनालास?"

"व्हय, आज्जी."

"मग येते म्या," म्हातारी म्हणाली. "एक वर्स म्हनून फसवनारे लई बघितले. वीस वर्सांची थाप कुनी मारत न्हाई."

सोमवारी तेवीसपैकी अकरा घरं आली. लोहार आला नाही. तो बुधवारी आला, कुणाशी बोलला नाही आणि गाणीही म्हणाला नाही. महिन्याभरात सतरा घरं झाली. जूनसारखी चढाओढ आता नव्हती. लोक सावकाश खणायचे, पाठ दुखली की थांबायचे, आणि कड तासून नीट करायचे, कारण ती आता आपल्या नातवंडांपर्यंत टिकायला हवी होती. मार्केत्ता आज्जीला फावडं पेलायचं नाही. ती काठावर बसून दूध वाटायची, आणि कुणाची कड वाकडी झाली की काठीनं दाखवायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, जमीन गोठायच्या आत, नदीकडचा शेवटचा बांध फोडला. तांबडं-काळं पाणी आधी रेंगाळलं, मग जोरात निघालं. एलियासच्या बायकोनं देवाचं नाव घेतलं. तावेत्ती पाणी थांबतं का ते बघत सगळ्यांच्या नंतर अर्धा तास तिथं उभा राहिला. ते थांबलं नाही.

त्या हिवाळ्यात गावानं साल खाल्ली. पुढच्या साली पीक हाती आलं, त्याच्या पुढच्या साली पुन्हा बुडालं. तावेत्ती दर वसंतात चराची खोली मोजून एलियासशी भांडायला जायचा, आणि दर वेळी भांडण संपलं की दोघं मिळून गाळ काढायला उतरायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात तळ्यापलीकडच्या गावातून दोन वडीलधारी माणसं घसरगाडीनं आली. त्यांच्याकडंही तसलीच दलदल होती. एलियासला बोलवावं असं त्यांच्या गावात चाललं होतं, पण आधी त्याची चौकशी करावी म्हणून ती थेट तावेत्तीच्या चुलीपाशी येऊन बसली. या गावात कुणाचंही वावगं पोटात न ठेवणारा तूच आहेस असं ऐकलंय, असं ती म्हणाली. सांग, माणूस भरवशाचा आहे का?

तावेत्तीनं चुलीत लाकूड सारलं.

"भरवश्याचं मला इचारू नगा," तो म्हणाला. "म्या अजून तपासतोय. पन त्यो वीस वर्सं म्हनाला तर तुमी पंचवीस धरा. आन् बर्फ गेल्या गेल्या सुरू करा, उगं जूनची वाट बघत बसू नगा. त्यात आमचा एक म्हैना वाया गेला."